लहूच्या मांडीवरची सूरपेटी

मित्रांनो, माझ्याकडे पाहिलंत तर तुम्हाला वाटेल, ही कुणाची तरी लाकडी डबी असावी. मी सूरपेटी आहे, आता बरीच जुनी. बाजाच्या पेटीवर गाणी वाजतात. माझ्यावर वाजत नाहीत. भाता हलवला की मी एकच सूर देते आणि तो धरून ठेवते. एवढ्या भांडवलावर गोष्ट सांगायला बसावं की नाही, याची मला अजून खात्री नाही. पण ही गोष्ट दुसरं कुणी सांगेल असंही वाटत नाही.

माझा जन्म गिरगावातला. एका म्हाताऱ्या कारागिराने सागाची फळी तासून मला घडवलं. माझी पितळी पट्टी तो कानशीने जरा घासायचा, कान लावून ऐकायचा, पुन्हा घासायचा. असे त्याचे चार दिवस गेले. मग १९६९ साली दौलत मला घेऊन लालबागला गेला.

दौलत गिरणीत साचे चालवायचा, म्हणजे मागावर कापड विणायचा. गिरगावातल्या एका चर्चबाहेर त्याने एकदा चार माणसांना एकाच वेळी चार वेगळ्या सुरांत गाताना ऐकलं आणि तो वेडा झाला. आपल्याच खात्यातले तिघे त्याने गोळा केले: चाळीतला शेजारी लहू, अबोल जयवंत आणि वरळी कोळीवाड्यातला धर्मा. चौसूर मंडळी उभी राहिली. साच्यांच्या खडखडाटात कानावर काही पडायचं नाही, म्हणून ही माणसं एकमेकांचे ओठ आणि भुवया बघून बोलायची. गाताना तीच सवय कामी आली. एकाची भुवई हलली की तिघे जागच्या जागी थांबत.

लहूचा आवाज सगळ्यात खालचा, खर्जातला. मी त्याच्या मांडीवर असे. त्याचा सूर आणि माझा सूर एकच होता, त्यामुळे तो गायला लागला की माझं लाकूड आपोआप घुमायचं. चौघे नुसत्या तोंडाने अख्खं साचेखातं उभं करत. त्यात धर्मा मुकादमाच्या बायकोच्या आवाजात नवऱ्याला हाका मारायचा. गणपतीत, पूजेत, गिरणीच्या मैदानात लोक पोट धरून हसायचे. वाहवा झाली की लहू माझ्यावर हलकेच थाप मारायचा.

१९८२ च्या जानेवारीत संप झाला. भोंगे थांबले. चौसूर मंडळी गिरण्यांच्या फाटकांवर, सभांमध्ये गायली. लोक उपाशी होते, पण हसायचे. दुसऱ्या वर्षी दौलतने एक नवी नक्कल बसवली. संप मोडून मागच्या फाटकाने चोरून आत जाणारा कामगार, असा तिचा विषय होता. ती फार चालली.

त्या वर्षी गणपतीत चाळीच्या चौकात तीच नक्कल चालू होती. आदल्या आठवड्यात शेवंतावहिनीने, म्हणजे लहूच्या बायकोने, घरातला स्टोव्ह विकला होता. आणि त्या दिवशी सकाळी लहू गिरणीत जाऊन कामासाठी नाव देऊन आला होता. हे फक्त वहिनीला ठाऊक होतं. कार्यक्रमाला निघण्यापूर्वी तो मला मांडीवर घेऊन तिच्याशी बोलला होता, म्हणून मलाही.

नकलेच्या मध्यावर लहूचा आवाज थांबला. त्याचा हात भात्यावरून गळला आणि मीही गप्प झाले. लोकांना वाटलं, हा नवा विनोद आहे. ते हसले. दौलतने लहूकडे पाहिलं. वीस वर्षं ओठ वाचणारा माणूस तो. पण समोर हशा पिकला होता. त्याने हात लांब करून म्हटलं, "ह्याची वाचा का गेली ओ? आत जाऊन आला की काय?"

चौक हशाने फुटला. लहूने मला खाली ठेवलं आणि तो उठून गेला. महिन्याभरात ते कुटुंब वरळीच्या बीडीडी चाळीत राहायला गेलं.

मित्रांनो, पुढचं सांगताना मला लाज वाटते. त्या दिवसाइतका हशा मंडळींना कधीच मिळाला नव्हता. म्हणून दौलतने ती जागा नकलेत कायमची ठेवली. लहूच्या बदल्यात दुसरा माणूस घेतला नाही; त्याचा सूर मी द्यायचे. जयवंत भाता हलवायचा. ठरलेल्या जागी दौलत भुवई उडवायचा, भाता थांबायचा, मी गप्प व्हायचे आणि तो ते वाक्य टाकायचा. लहूचं गप्प होणं मी अकरा वर्षं वाजवलं.

धर्माने एकदा विषय काढला. "दौलतदा, तेवढं वाक्य काढू या ना. मला बरं नाय वाटत."

"लोक त्याच्यासाठीच येतात रे," दौलत म्हणाला.

खोटं नव्हतं ते. संप संपल्याचं कुणी जाहीर केलं नाही, पण गिरण्या एकेक करून थंडावल्या. मंडळी मात्र दादरच्या नाट्यगृहात गाऊ लागली. शाली मिळाल्या. मला मखमली खोळ शिवली.

पंचविसाव्या वर्षाचा कार्यक्रम दादरलाच झाला. पडदा उघडला तेव्हा पुढून चौथ्या रांगेत शेवंतावहिनी बसली होती. एकटीच, मांडीवर पिशवी घेऊन. नक्कल त्या जागेपाशी आली. दौलतची भुवई उडाली, मी थांबले. लोक आधीच हसायला लागले. वहिनी हसत नव्हती, रागावलीही नव्हती. तिकीट काढून आलेल्या माणसासारखी नुसती बघत होती.

दौलतच्या तोंडून वाक्य येईना. हसू हळूहळू विरलं. लोक खोकले. शेवटी तो म्हणाला, "इथला विनोद माझा नाही. इथे आमचा लहू बसायचा. त्याच्यावर वेळ आली होती आणि मी त्याला हसलो." मग त्याने पडदा पाडायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला घेऊन वरळीला गेला. लहू दारात तांदूळ निवडत होता. केस पार पांढरे झाले होते. त्याने बस म्हटलं नाही. दौलत उभ्या उभ्याच बोलला. "लहू, तू गप्प झालास तेव्हाच मला कळलं होतं. कळून मी ते बोललो."

लहूने तांदळातला खडा काढून बाजूला टाकला. "तुला कळलंय ते मला दिसलं," तो म्हणाला. "म्हणून तर उठलो. नायतर मस्करी समजून बसलो असतो."

आतून वहिनीने विचारलं, चहा दोन कप टाकू की एक? लहूने आणखी एक खडा काढून टाकला. मग म्हणाला, "दोन टाक." आणि दौलतला म्हणाला, "पेटी ठेवून जा."

तेव्हापासून मी इथेच आहे. ती नक्कल पुन्हा कधी झाली नाही. मंडळी चार वर्षं आणखी गायली, मग थांबली. धर्मा गेला. माझा भाता फाटला होता. लहूने जुन्या चपलेचं मऊ चामडं लावून तो सांधला. महिन्या-दोन महिन्यांनी दौलत येतो. लहू मला मांडीवर घेऊन भाता हलवतो आणि दोघे माझा सूर ऐकत बसतात. गात कुणीच नाही. माफ केलं असं लहू म्हणालेला नाही, आणि दौलतने तसं विचारलेलंही नाही.

जुन्या वस्तू पुसून ठेवा, त्यांना वाळवी लागू देऊ नका, असं मी तुम्हाला सांगायला हवं. तेही कराच. पण मित्रांनो, माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्याबरोबर गाणारा, खेळणारा, हसणारा कुणी मध्येच गप्प झाला, तर सगळे हसत असले तरी तुम्ही थांबा. त्याच्याजवळ जा आणि काय झालं ते हळूच विचारा. मला विचारता येत नव्हतं, मी लाकडाची आहे. तुम्हाला येतं.