नेव्हचा ट्रॅक

ज्यूलियनने ड्रम वाजवणाऱ्या मशीनचा नवा आवाज ऐकवला तेव्हा विल्फ गार्बटने चहाचा मग खाली ठेवला आणि विचारलं, "हा ड्रम आहे की कुणी भांडून दार आपटतंय?"

"शहाऐंशी साल आहे, विल्फ," ज्यूलियन म्हणाला. "रेडिओ लावा. सगळीकडे हेच दार आपटतंय."

ते मात्र खरं होतं. धाप्प! मोठ्या हॉलात घुमल्यासारखा आवाज, आणि घुमायला लागतो न लागतो तोच कापलेला. त्या वर्षी ज्याला त्याला तोच हवा होता. वीस-वीस वर्षं आपल्या पद्धतीने वाजवत आलेली, पोट सुटलेली माणसं कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवून फोटो काढून घेत होती आणि आपल्या गाण्यांत ते आपटणं भरत होती. विल्फचा 'टाइडगेट' बँड तरी कुठे वेगळा होता? इंग्लंडच्या हल बंदरातल्या गोदीवरची तीन पोरं, चौसष्टपासून एकत्र, आता दोनच उरलेली. मागचे दोन अल्बम पडले होते. रेकॉर्ड कंपनीने बजावलं होतं, हा शेवटचा, आणि निर्माता आम्ही देऊ तोच. तो हा ज्यूलियन. सत्तावीस वर्षांचा, अदबीने बोलणारा. जरा उद्धट असता तर विल्फला सोपं गेलं असतं.

विल्फ हे सगळं सोसत होता ते एका गाण्यासाठी. ब्याऐंशीच्या ऑक्टोबरात तिघांनी ते एका खोलीत बसून एका दमात वाजवलं होतं. विल्फ ड्रमवर, गॉर्डन गिटारवर, आणि बेस गिटारवर नेव्हिल स्टँपर, म्हणजे नेव्ह; टेप एकच, पण प्रत्येकाचं वाजवणं त्यावर वेगळ्या ट्रॅकवर. गाण्याला नाव नव्हतं, ते आपसांत त्याला 'ओहोटी' म्हणत. त्या दिवशी कॅसेट काढून घ्यायचं राहून गेलं, मग नेव्हचं आजारपण निघालं, आणि दोन महिन्यांत तो पोटाच्या कॅन्सरने गेला. त्याने शेवटचं जे वाजवलं ते या टेपवर. दफनाच्या दिवशी विल्फने चर्चच्या दारातच मॉरीनला, नेव्हच्या बायकोला, शब्द दिला होता, की हे गाणं बाहेर येईल आणि नेव्ह त्यात असेल. दर नाताळला तिचा फोन यायचा. आडवळणाने विचारायची, पण विचारायची.

लंडनच्या स्टुडिओत तिसऱ्या आठवड्यात ज्यूलियनने ती टेप लावली. संपेपर्यंत डोळे मिटून ऐकली.

"गाणं फार सुंदर आहे," तो म्हणाला. "पण ताल हलतो. कोरसच्या, ध्रुवपदाच्या, आधी रेंगाळतो, कोरसला पळतो."

"कोरसला माणूस खूश होतो म्हणून पळतो," विल्फ म्हणाला. "तुझं मशीन कधी खूश होतं का?"

ज्यूलियन हसला, खांदे उडवले आणि गॉर्डनकडे बघितलं. गॉर्डन मघापासून गिटारच्या खुंट्या पिळत बसला होता.

"विल्फ, बाबा," गॉर्डन अखेर म्हणाला, "बाकी नऊ गाणी मशीनवर आणि हे एकच असं. कंपनी हे काढूनच टाकेल. मग ना तू, ना नेव्ह."

विल्फने काचेपलीकडच्या टेपकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाला, "माझे ड्रम काढा. नेव्हला हात लावायचा नाही."

"नाही लावत," ज्यूलियन म्हणाला, आणि त्याच्या मनात तेव्हा खोट नव्हती.

टेप सांभाळणारी हेझल म्हणाली, "पुसायच्या आधी एक प्रत काढून ठेवते. अर्ध्या तासाचं तर काम आहे."

"नको," विल्फ म्हणाला. "उद्या कुणीतरी उकरून काढेल आणि म्हणेल, बघा म्हातारा कसा डळमळत होता. टेप भरत आलीय, जागा हवीय ना तुम्हाला? घ्या जागा."

"विल्फ, मूर्खपणा करू नकोस," गॉर्डन म्हणाला.

विल्फने स्वतः पुढे होऊन बटण दाबलं. त्याच्या ड्रमच्या आठ ट्रॅकवर चार मिनिटं नुसती शांतता भरत गेली आणि काचेपलीकडे टेपची चाकं गुमान फिरत राहिली. त्या दुपारी त्याला वाटलं, आपण फार मोठं मन दाखवलं. मोठं मन कसलं! रुसला होता. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस लहान पोरासारखा रुसला होता, आणि रुसलेल्या माणसाला कुणी बटणाजवळ जाऊ देऊ नये.

दोन दिवसांत मशीनचे ड्रम आले. गॉर्डनने आपली गिटार त्यांच्यावर नव्याने वाजवली, जुनी पुसून तिच्याच जागी. तीन जणांच्या त्या वाजवण्यातला आता एकटा नेव्ह उरला. हेझलने त्याच्या ट्रॅकचा आवाज वर केला आणि खोलीतल्या सगळ्यांची तोंडं उतरली.

नेव्ह प्यायल्यासारखा वाजत होता. एक सूर उशिरा, दुसरा लवकर, मध्येच गप्प. वाजवताना नेव्हने उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हता. पण तो मोजून वाजवणारा नव्हताच कधी. अठरा वर्षं तो विल्फचा डावा खांदा बघत वाजवत आला. कोरसच्या आधी विल्फ किंचित रेंगाळायचा, आणि नेव्ह तिथे त्याच्यासाठी थांबायचा. तेच तर त्यांचं वाजवणं होतं. आता मशीन कुणासाठी थांबत नव्हतं, आणि नेव्ह मात्र ठरल्या जागी थांबत होता.

ज्यूलियनच्या ध्यानात यायच्या आधी विल्फच्या ध्यानात आलं.

"मी परत वाजवतो," तो म्हणाला. "नेव्हवर. मशीन बंद करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तो ड्रमवर बसला. कानात फक्त नेव्ह. आपलाच माणूस, आपलंच गाणं, अवघड ते काय? पहिल्या कडव्यातच घसरला. परत. परत घसरला. गॉर्डनने गाळलेला चहा तिथेच थंड झाला. विल्फ नेव्हची वाट बघत वाजवत होता, आणि टेपवरचा नेव्ह विल्फची वाट बघत होता. दोन माणसं दारात एकमेकांना 'आधी तू, आधी तू' करत अडकावीत तसं झालं होतं.

"उशीर होतोय तुला," हेडफोनमधून गॉर्डनचा आवाज आला.

"मला नाही. तोच थांबलाय."

"अरे, तो तुझ्यासाठी थांबलाय, विल्फ."

विल्फने काठ्या मांडीवर ठेवल्या. ब्याऐंशीतला विल्फ कुणाच्या मागे जात नव्हता, म्हणून नेव्हला त्याच्या मागे जाता येत होतं. तो विल्फ टेपवर होता, आणि तो या विल्फने पुसला होता. चारच्या सुमारास एकदा दोन कडवी नीट जमली. काचेपलीकडे हेझल आनंदाने उभी राहिली. कोरसला नेव्ह पळाला आणि विल्फ मागे राहिला. पाच वाजता तो बाहेर आला, घामाने निथळत, उजवा खांदा धरून.

"लावा तुमचं मशीन," तो म्हणाला.

नेव्हच्या जागी ज्यूलियनने बेसचे सूर कीबोर्डवर वाजवले. सगळे सूर तेच, सगळे वेळेवर. नेव्हचा ट्रॅक टेपवर राहिला, फक्त त्याचा आवाज खाली ओढून ठेवला.

हे मॉरीनला फोनवर सांगायचं असं विल्फने चारदा ठरवलं आणि चारदा फोन खाली ठेवला. शेवटच्या दिवशी ती हलहून पहिल्या गाडीने आली, रविवारचा निळा कोट घालून, सगळ्यांसाठी हॅमची सँडविचेस करून. ज्यूलियनने तिला मधल्या खुर्चीत बसवलं. गाणं सुरू झालं. पहिलं कडवंही संपलं नव्हतं.

"हा नेव्ह नाही," ती म्हणाली.

हेझलने टेप थांबवली.

"एकोणीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकलंय मी त्याला. कुठे आहे तो?"

"टेपवर आहे," विल्फ म्हणाला. "पण घेता आला नाही."

"का नाही घेता आला? ऐकवा मला. त्याचं एकट्याचं."

"मॉरीन, नको," गॉर्डन म्हणाला.

"तू गप्प बस. बाई, तुम्ही लावा."

हेझलने विल्फकडे बघितलं, मग बाकीचे सगळे ट्रॅक खाली ओढले आणि नेव्हचा वर केला. नेव्ह एकटा वाजू लागला. एक सूर, मग नको इतका वेळ काहीच नाही, मग घाईघाईने तीन. मॉरीन मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून चारही मिनिटं ऐकत राहिली. कोरसच्या आधी तो गप्प झाला तेव्हा तिने हळूच मान खाली घातली.

"तेव्हाच गेले होते का रे त्याचे हात?" तिने विचारलं.

"नाही!" विल्फ जवळजवळ ओरडला. "मॉरीन, तो उत्तम वाजवत होता. मी जिथे थांबायचो तिथे तो थांबायचा. माझे ड्रम बरोबर असले की हे सगळं नीट बसतं. चुकत नाहीये तो."

"मग लाव ना तुझे ड्रम."

"पुसले."

"कुणी?"

"मी."

मॉरीनने त्याच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर विल्फने तो आनंदाने घेतला असता. तिने त्याच्या हातावर हात ठेवला आणि दोनदा थोपटलं.

"स्वतःचं वाजवणं कुणी पुसतं का वेड्या?"

"खरं सांगतोय तो," गॉर्डन म्हणाला. "माझ्यासमोर पुसलं त्याने."

"तुम्ही दोघं शाळेपासून एकमेकांसाठी खोटं बोलत आलात. आता नेव्हसाठी बोलताय." तिने रुमाल काढून नाक पुसलं. "मला म्हणायचा, मॉरीन, ऑक्टोबरात काय वाजवलंय मी, ऐकशील तेव्हा कळेल. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणायचा."

"अगं, शपथेवर सांगतो—"

"विल्फ."

ती उठली. ज्यूलियनपुढे जाऊन तिने त्याचा हात हातात घेतला. "तुम्ही मशीन लावलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "लोकांना त्याचं असं ऐकायला नको मिळायला."

ज्यूलियनने विल्फकडे बघितलं आणि तिला दार उघडून दिलं. अदबीच्या माणसाला दुसरं काय सुचणार?

विल्फ तिला टॅक्सीपर्यंत सोडायला गेला. जिन्यात त्याने परत सांगितलं. फुटपाथवर परत सांगितलं, खांदा, थांबणं, बटण, सगळं, हातवारे करून, रस्त्यावरची माणसं वळून बघत होती तरी. मॉरीनने टॅक्सीचं दार उघडलं आणि त्याच्या गालाला गाल लावला.

"तू फार चांगला मित्र होतास त्याचा," ती म्हणाली. "आता पुरे. मला खरं काय ते कळलं."