उजव्या हाताची प्रत

बायकोच्या घशाचे ऑपरेशन होऊन बावीस दिवस झाले होते, तेव्हा तिच्या लॅपटॉपमधून टक टक असा आवाज यायला लागला. मला आधी भिंतीवरचे घड्याळच वाटले. तिने बोटाच्या पेराने टेबलावर ठोकले. ऑपरेशनपासून ती मला असेच बोलावत असे. वहीत तिने लिहिले होते, "हे मरायला टेकलंय. आत सगळं आहे. बघा काहीतरी."

ते सगळे म्हणजे काय, हे सांगायला हवे. तिचे स्वरयंत्र काढावे लागणार हे कळले, तेव्हा हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी एक मार्ग सुचवला होता. आवाज आहे तोवर चौदाशे वाक्ये रेकॉर्ड करून ठेवायची. त्यांवरून पुढे कॉम्प्युटरला तिचा आवाज शिकवता येतो. मग ती टाइप करील ते कॉम्प्युटर तिच्याच आवाजात बोलून दाखवील. घसा बसलेला असताना पाच आठवडे ती रोज सकाळी मागच्या खोलीत जायची, खिडक्या लावून घ्यायची आणि आवाज घुमू नये म्हणून कपड्यांच्या कपाटात तोंड घालून वाक्ये म्हणायची. बाईंनी दिलेली यादी तिला पसंत नव्हती. "'आज हवा चांगली आहे.' हे मी जन्मात कुणाला म्हटलंय का?" असे म्हणून तिने यादीत स्वतःची वाक्ये घुसवली. "अहो, चष्मा कपाळावर आहे." "मी झोपले नाही, नुसते डोळे मिटलेत." "तू जेवलीस का ते सांग, बाकीचं नंतर." हे शेवटचे आमच्या मुलीसाठी. चाळीसेक वाक्ये खास माझ्यावर रागवायची होती. "भांडणाला कमी पडायला नको," ती म्हणाली होती.

आम्ही दोघांनी एकतीस वर्षे एकाच छापखान्यात प्रुफे तपासली. ती मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि मी प्रुफावर नजर ठेवून चुका काढायचो. विरामचिन्हेदेखील ती वाचून दाखवायची. ती सवय इतकी अंगात मुरलेली, की रेकॉर्डिंगच्या पहिल्या दिवशी तिने "स्वल्पविराम, पूर्णविराम" करत सत्तर वाक्ये म्हटली आणि ती सगळी पुन्हा करावी लागली. मी स्वतः कधी मोठ्याने वाचले नाही. चार माणसांत माझी जीभ जड होते. छापखान्यातले लोक म्हणत, "यांच्या वाट्याचं वहिनीच बोलतात." त्यात खोटे काही नव्हते.

सगळ्या फाइली पुढच्या गुरुवारी थेरपिस्ट बाईंकडे न्यायच्या होत्या. जखम भरू द्या, घाई नाही, असे त्याच म्हणाल्या होत्या. मुलगी दुसऱ्या देशात असते. ती दर रविवारी फोनवर विचारायची, "बाबा, दुसरी प्रत काढून ठेवलीत ना?" मी म्हणायचो, "काढतो."

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप कानाला लावला आणि डोळे मिटून ऐकला.

"काका, हार्ड डिस्क कण्हतेय. हिचे दिवस भरलेत. नवी टाकू. ठेवून जा, चार दिवसांनी या."

मी तिथूनच बायकोला मेसेज केला. लगेच उत्तर आले, "माझा आवाज दुकानात ठेवायचा नाही."

"घरीच करता येईल का?" मी विचारले. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा मला स्क्रू फिरवणे सोपे वाटत होते, हे मी कबूल करतो.

"येईल की. तुम्ही शिकली-सवरलेली माणसं." त्याने नवी डिस्क, ती वायरने बाहेरून जोडायची एक डबी, बारीक स्क्रूड्रायव्हर आणि एक पेनड्राइव्ह काउंटरवर मांडला. "मशीन या पेनड्राइव्हवरून चालू करायचं. जुनीवरचं नवीवर उतरवायचं. मग जुनी काढून नवी आत. बास. फक्त कुठून कुठे ते नीट बघा. आणि काही महत्त्वाचं असेल तर ते आधी वेगळं काढून ठेवा."

"सगळंच महत्त्वाचं आहे."

"मग काय, सगळंच उतरतंय."

नवी डिस्क मी हट्टाने जुनीच्याच कंपनीची आणि तेवढ्याच मापाची मागितली. "मोठी घ्या हो, आता लहान कोण घेतं?" तो म्हणाला. मी ऐकले नाही. होते तसेच असावे, ही आमच्या धंद्याची खोड.

तिच्या वाक्यांचे ते एक फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यायला पाच मिनिटे लागली असती. हे मी आता रोज स्वतःला सांगतो.

मंगळवारी दुपारी औषध घेऊन ती झोपली आणि मी टेबलावर कामाला बसलो. पडद्यावर दोन डिस्का दिसत होत्या. कंपनी एक, माप एक, आकडे एक. कोणती जुनी ते कळेना. मग मी बाहेरच्या डबीची वायर काढली. एक नाव गेले, म्हणजे ती नवी. पुन्हा जोडली, पुन्हा काढली. तिसऱ्यांदाही खात्री करून घेतली. स्वतःवर माझा कधीच भरवसा नव्हता, म्हणून अशा ठिकाणी मी फार जपून असतो.

पडद्यावर शेजारी शेजारी दोन चौकोन होते, आणि दोन्ही डिस्कांची नावे माउसने उचलून त्यांत ठेवायची होती. मी जुनी उजव्या चौकोनात ठेवली आणि नवी डाव्या. त्याचा मी क्षणभरही विचार केला नाही. छापखान्यात ती माझ्या उजव्या हाताला बसायची. मूळ प्रत उजवीकडे, प्रूफ डावीकडे, एकतीस वर्षे. मूळ प्रत दुसऱ्या कुठल्या बाजूला असू शकते, हे माझ्या डोक्यातच आले नाही. चौकोनांच्या मध्ये बाण होता. तो डावीकडून उजवीकडे जात होता.

मग सूचना आली. उजवीकडच्या डिस्कवरील सर्व मजकूर कायमचा नष्ट होईल, पुढे जायचे का? ती सूचना मी दोनदा वाचली, अक्षर न् अक्षर. प्रुफे वाचणारा माणूस अर्थ वाचत नाही. अर्थात गुंतले की डोळा चुका गिळतो, म्हणून पहिल्याच वर्षी आम्हाला अर्थ सोडून वाचायला शिकवले होते. सूचनेत एकही चूक नव्हती. मी 'होय' दाबले.

दोन तास दहा मिनिटे लागली. जुनी डिस्क आत टक टक करत होती आणि मी टक्के वाढताना बघत होतो. शंभर झाल्यावर मशीन बंद केले आणि उलटे ठेवले. अकरा स्क्रू निघाले. कोणता कुठला ते कळावे म्हणून कागदावर लॅपटॉपचे चित्र काढून त्या त्या जागी ठेवले. बॅटरीची वायर सोडवली. रबराच्या चौकटीतून जुनी डिस्क ओढून काढली. ती कोमट होती. नवी त्याच चौकटीत बसवली, दाबली, झाकण लावले.  मला जरा अभिमानच वाटला.

बटण दाबले. काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली, की या डिस्कवर काहीही सापडत नाही.

मी पुन्हा अकरा स्क्रू काढले. डिस्क नीट बसली नसेल. पुन्हा लावले. तीच ओळ. मग जुनी आत बसवली. तरी तीच ओळ. बायको उठून दाराशी आली आणि तिने भुवया उंचावून विचारले, झाले का?

"होतंय," मी म्हणालो.

बुधवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी बाहेर उभा होतो. दुरुस्तीवाल्याने दोन्ही डिस्का आपल्या मशीनला जोडल्या. आधी एक उघडून बघितली, मग दुसरी. 

"काका, तुम्ही कुठून कुठे उतरवलंत?"

मी काउंटरवर दोन हात ठेवून दाखवले. तो माझ्या हातांकडे बघत राहिला.

"उलटं झालं," तो म्हणाला. "कोरी भरलेलीवर उतरली."

"पुसलेलं परत आणतात म्हणे."

"पुसलेलं आणतात. हे पुसलेलं नाही, यावर दुसरं लिहिलंय. नुसती शून्यं, पहिल्यापासून शेवटपर्यंत." त्याने आवाज खाली आणला. "काय होतं आत?"

"फोटो," मी म्हणालो. खरे सांगायला तोंड उघडले असते तर मी तिथेच उभा राहू शकलो नसतो.

त्याने नवी डिस्क आत बसवून मशीन चालू करून दिले. टाइप केलेले बोलून दाखवणारा प्रोग्रॅमही घातला, कारण तेवढे मी मागितले.

घरी आल्यावर मी लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला आणि भांडी घासायला गेलो. नळ मोठा सोडला. तरी ऐकू आले. विमानतळावर उशीर झाल्याचे सांगणाऱ्या बायांचा असतो तसा एक तरुण, धुतलेला आवाज म्हणाला, "अहो इकडे या." मग टेबलावर पेर वाजले.

पडद्यावर तिने लिहिले होते, "ही कोण? माझं फोल्डर कुठाय?"

मला सांगता आले असते. भांड्याचा साबण हाताला होता, तो पुसत मी म्हणालो, "ते दुकानात आहे. त्याने अजून टाकलं नाही. उद्या-परवा देतो म्हणाला."

तिने लिहिले, "मी दुकानात ठेवू नका म्हटलं होतं."

"त्याचंच चुकलं," मी म्हणालो.

गुरुवारी तिने विचारले तेव्हा सांगितले, परवा; थेरपिस्ट बाईंकडे जाणेही मी पुढे ढकलले. शुक्रवारी सांगितले, तो आजारी आहे. रागवायच्या चाळीस वाक्यांतले एकही आता तिच्याकडे नव्हते. ती नुसती बघायची आणि गळ्याला श्वासासाठी पाडलेल्या भोकावरची जाळी बोटांनी नीट करायची. त्या भोकातून येणारा तिचा श्वास घरभर ऐकू येत होता. मी वर्तमानपत्र धरून बसायचो आणि त्यातल्या चुका मोजायचो.

शनिवारी तिने माझ्यासमोर आपला फोन ठेवला. दुरुस्तीवाल्याचा नंबर पेनड्राइव्हच्या पाकिटावर होता. तिने त्याला मेसेज केला होता, चांगला झणझणीत: माणसाने कामाची काही लाज बाळगावी, आजारी बाईची वस्तू किती दिवस अडकवून ठेवणार? त्याचे उत्तर खाली होते. "मावशी, माझ्याकडे काहीच नाही. काकांकडून घरीच उलटं उतरलं. दोन्ही डिस्का कोऱ्या झाल्या. तुमचे फोटो गेले याचं मला खरंच वाईट वाटतं. काकांना रागवू नका."

मी ते वाचले. एकदाच, आणि या वेळी अर्थासकट.

"मी सांगणारच होतो," मी म्हणालो. तिने फोन उचलला आणि ती आतल्या खोलीत गेली. संध्याकाळी जेवणाची नळी तिने स्वतः लावून घेतली. मला हात लावू दिला नाही.

रविवारी मुलीचा फोन आला. दर वेळी मी स्पीकर लावतो, मुलगी बोलते, आई लिहिते आणि त्यातले मी थोडक्यात सांगतो. या वेळी बायको लॅपटॉप घेऊन येऊन बसली. टाइप करून झाल्यावर तिने आवाजाचे बटण दाबले नाही. पडदा माझ्याकडे वळवला आणि पेराने त्यावर ठोकले. सगळ्यांत वर लिहिले होते, "वाचा. मोठ्याने."

"आई, काय झालं? तुझा आवाज बसवून झाला का गं?" मुलगी विचारत होती.

"आई म्हणतेय..." मी सुरुवात केली.

टेबलावर पेर वाजले. तिने मान हलवली आणि त्या ओळीवर बोट ठेवले. 'आई म्हणतेय' असे तिथे नव्हते. तिथे होते तेवढेच वाचायचे होते.

मी वाचू लागलो. 

"बाळा, मी बोलतेय. माझा आवाज गेला. एकदा डॉक्टरांनी नेला. कपाटात तोंड घालून जो वाचवला होता, तो तुझ्या बाबांनी मंगळवारी पुसला. ते चुकून झालं. त्यानंतर ते तीन दिवस माझ्याशी खोटं बोलले. ते चुकून झालं नाही."

 मग मुलीने अगदी हळू विचारले, "बाबा, हे तुम्ही बोलताय की आई?"

मी बायकोकडे बघितले. ती खाली मान घालून पुढचे वाक्य टाइप करत होती. ते पुरे होईपर्यंत मला बोलता येणार नव्हते.