ओळखीचं अक्षर

माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांचं अक्षर मी पाकिटावरचा पत्ता बघून ओळखतो, असं मी स्वतःच निलंगाभर सांगत आलो. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि सगळ्यात जास्त शिकवलं ते अक्षर. लग्नपत्रिकेवरचं नाव बघून "हे आमच्या शाळेचं" म्हणायची मला सवय, आणि मग कुणीतरी "गुरुपादप्पा सरांची नजर म्हणजे नजर" म्हणेल याची वाट बघायचीही. ही दुसरी सवय वाईट. तिच्यापायी जे झालं ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी व्यंकट घरी आला. हाही माझाच विद्यार्थी. अक्षर असं की कोंबडी शाईत पाय बुडवून वहीवरून गेली असावी. पण नोकरीला चांगला चिकटला. पाणी तपासणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत बाबू आहे. कुठल्या ते इथं लिहीत नाही. चहा झाल्यावर त्यानं खिशातून झेरॉक्स काढली. ऑफिसात पैज लागलीय म्हणाला, सर नुसत्या अक्षरावरून माणूस सांगतात का नाही.

मी चष्मा लावला. दोन ओळी पुरे झाल्या. वेलांट्या किंचित डावीकडे झुकलेल्या. असं अक्षर मी आयुष्यात एकाच पोरीचं बघितलंय. बबिताचं, लिंबाजी सुताराच्या लेकीचं. ती डावखुरी होती. पाचवीत वर्षभर तिच्या डाव्या हातावर पट्टी मारून मी तिला उजव्या हातानं लिहायला लावलं. अक्षर सुरेख झालं, तो झुकाव मात्र राहिला तो राहिलाच.

कागदात काय आहे ते मी बघितलं नाही, असं नंतर मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. ते खोटं आहे. मी सगळं वाचलं होतं. गावोगावच्या विहिरींचं पाणी बाटल्या भरून येतं, बाटल्यांची झाकणंसुद्धा उघडत नाहीत आणि 'पिण्यास योग्य' असा अहवाल जातो. एका वस्तीवर अकरा मुलांना कावीळ झालीय. चौकशी करावी. मी इथंच कंत्राटावर काम करते, म्हणून नाव लिहीत नाही. खाली सही नव्हती.

एवढं वाचल्यावर गप्प बसायचं होतं. डोळे गेले रे बाबा, काही कळत नाही, एवढं म्हणायला काय जात होतं माझं? मी थांबलोही होतो. पण व्यंकट कागद परत घेत म्हणाला, "राहू द्या सर. आता वय झालं, न्हाई वळखत."

ते मला झोंबलं. मी म्हणालो, "बबिताचं आहे. लिंबाजीच्या." वेलांटीवर बोट ठेवून तो झुकाव त्याला समजावूनही दिला, फळ्यासमोर उभा असल्यासारखा. त्यानं वाकून नमस्कार केला. त्या दिवशी मी खूश होतो. हे लिहायची लाज वाटते, पण होतो.

ती तक्रार तिनं वरच्या कार्यालयाला पाठवली होती. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याकडेच ती खुलाशासाठी पाठवायची अशी आपल्याकडे रीत आहे. त्यामुळे कागद फिरून तिच्याच साहेबांच्या टेबलावर आला, आणि तिथून व्यंकटच्या खिशात. टायपिंगच्या दुकानात दिला असता तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, म्हणून बिचारीनं घरी बसून हातानं लिहिला होता. हातानं लिहिलेलं कोण ओळखणार, असं तिला वाटलं असेल.

तिला कुणी काढलं नाही. मार्चात कंत्राट संपलं, सगळ्यांचं पुढं चालू झालं, तिचं तेवढं झालं नाही. आता ती भोकरला एका खासगी लॅबमध्ये काम करते, आणि सहा वर्षांची मुलगी इथं आजीकडे. आजी म्हणजे बबिताची आई, चांगुणाबाई. ती माझ्याकडेच येऊन रडली. पोर रात्री आईच्या साडीची घडी उशाला घेऊन झोपते म्हणाली. मग म्हणाली, "सर, ज्यानं माझ्या लेकीचं नाव सांगितलं ना, त्याची जीभ झडंल." मी मान हलवली. आणखी काय करणार होतो?

गेल्या महिन्यात लातूरहून विशाखा नावाच्या वकीलबाईंचा फोन आला. सरकारी कारभारातली चूक दाखवणाऱ्याला संरक्षण द्या, त्याचं नाव फोडणाऱ्यावर कारवाई करा, या मागणीसाठी त्यांनी सभा ठेवली होती. बबिता बोलणार होती. बॅनर छापील नको, सरांच्या हातचं पाहिजे, असं तिनंच सुचवलं म्हणे. मला नाही म्हणता आलं नाही. चार दिवस कापडावर वाकून लिहिलं: 'तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवा.' इतकं सुबक अक्षर मी पूर्वी काढलं नसेल. प्रत्येक अक्षराला वाटलं, थांबावं आणि जाऊन सांगून टाकावं. मग पुढचं अक्षर काढलं.

एसटीनं लातूरला गेलो तेव्हा ठरवलंच होतं, आज सांगायचं. हॉलच्या दारात बबिता हजेरीच्या वहीत नाव लिहीत होती. डाव्या हातानं. अक्षर वेडंवाकडं, पहिलीतल्या पोरासारखं. मी बघत राहिलो. ती हसून म्हणाली, "उजव्या हाताचं वळखतात सर, म्हणून हे शिकायलेय." आणि पाया पडली. मला मागं सरकता आलं नाही.

आत विशाखाबाई कागदांचे संच वाटत होत्या. बबितानं माहितीच्या अधिकारात त्या फाइलची नक्कल काढली होती. तिसऱ्या पानावर कार्यालयाची टिप्पणी होती: 'सदर हस्ताक्षर निलंगा येथील निवृत्त शिक्षक श्री.' इथपर्यंत वाचून मी पुढचं नाव शोधलं. पुढं काळ्या शाईचा जाड पट्टा होता. त्यानंतर 'यांनी ओळखले आहे.'

हे कुणी खोडलं, असं मी विशाखाबाईंना विचारलं.

"बबितानंच. मी नको म्हणत होते, मलाही नाव सांगितलं नाही तिनं. म्हणाली, म्हातारा माणूस आहे, त्याला त्याच गावात राहायचंय."

मी उठून बबिताकडे गेलो. म्हणालो, "तो कागद, तिसरं पान..." तिनं मला पुढं बोलूच दिलं नाही. चहा घेतला का विचारलं. म्हणाली, "बसा सर, पंखा तिकडं हाय." तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं.

आणि मी बसलो. ती बोलली, अकरा मुलांची नावं तिनं वाचली, आणि मी पंख्याखाली बसून राहिलो. शेवटी विशाखाबाईंनी बॅनर लिहिणाऱ्या सरांना उभं राहायला सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. इतकी लाज मला चांगुणाबाईसमोरही वाटली नव्हती.

म्हणून आज हे लिहून काढलंय. खाली नाव, पत्ता, सही आहे. उद्या लातूरला जाऊन विशाखाबाईंच्या हातात देणार आहे, त्या फाइलला जोडा म्हणून. बबिताला दाखवलेलं नाही. दाखवलं तर ती परत माझं नाव खोडेल.