भेगेवरची काच

चाकूच्या टोकाने त्याने तडकलेली काचपट्टी भिंतीवरून उचकटली, तुकडे फडक्यात गुंडाळले आणि नवी पट्टी भेगेवर आडवी धरून पाहिली. चपखल बसली. जन्म फ्रेमा करण्यात गेलेला. नुसत्या नजरेने कापलेली काचही त्याची सूतभर चुकायची नाही. दोन्ही टोकांना प्लास्टर थापून ते जरा आळल्यावर त्याने वर भिंतीचीच धूळ फुंकली, काजळीचं बोट फिरवलं. नवी काच बघता बघता जुनी झाली.

"काय चाललंय रे तिकडे?" पलंगावरून ताईने विचारलं.

"जळमटं काढतोय."

"मग जावईबापूंचीही काढ. तपासनीस बाई यायच्यात आज."

जावईबापू म्हणजे ही भेग. छतापासून खिडकीपर्यंत ऐसपैस पसरलेली. एकदा घरात आले की जा म्हणता येत नाही आणि समोर मोठ्याने बोलायचीही चोरी, म्हणून ताईने तिला ते नाव ठेवलं होतं. गुडघे गेले तरी जीभ शाबूत होती तिची.

घर जुनी वास्तू म्हणून सरकारने संरक्षित केलेलं होतं. दाराशी तशी पितळी पाटी होती. पाडायला बंदी, विटेला हात लावायला बंदी. पण आपोआप पडायला कोण बंदी घालणार? मालकांनी पागोळ्यांचं पाणी नेणाऱ्या पन्हळी दुरुस्तीला म्हणून उतरवल्या, त्या परत आल्याच नाहीत. माळ्याची खिडकी वाऱ्याने गेली, ती तशीच उघडी राहिली. पाणी भिंतीत मुरत गेलं. सापही मरावा आणि काठीही मोडू नये, असा सगळा बेत. आणि माणूस इतका गोड की भांडायचं तरी कुणाशी? बाकीचे भाडेकरू ओलीला कंटाळून एकेक करून निघून गेले. उरलं खाली फ्रेमवाल्याचं दुकान आणि वर त्याच्या थोरल्या बहिणीची खोली.

भेगेवर काच बसवली ती तपासनीस बाईंनी, मागच्या वर्षी. युक्ती सोपी होती. भिंत केसभर हलली तरी काच तडकते; तडकली, की भिंत सरकते आहे हे कुणालाही दाखवता येतं. बाई दर तीन महिन्यांनी येऊन काच बघणार होत्या. त्या काच बसवून गेल्या त्याच दिवशी मालक दुकानात येऊन बसले होते.

"काच शाबूत राहो म्हणजे मिळवली," ते म्हणाले होते. "ती तडकली की आधी माणसं बाहेर काढतात, मग भिंतीकडे बघतात. ताईंना या वयात कुठे नेणार तुम्ही? मलाच झोप लागत नाही विचाराने."

फ्रेमवाल्याची मात्र खरोखरच झोप उडाली. आईमागे ताईनेच त्याला वाढवलं होतं, याच खोलीत. तिला इथून हलवलं तर ती टिकायची नाही, याची त्याला खात्रीच होती. काही आठवड्यांनी काच तडकलेली दिसली, तेव्हा त्याने फार विचार केलाच नाही. खाली गेला, काच कापायची हिरकणी उचलली आणि तशीच दुसरी पट्टी कापून आणली. एकदा केलं, मग करतच राहिला.

बाई दुपारी आल्या. सोबत मालक, हातरुमालाने जिन्याचा कठडा पुसत. बाईंनी टॉर्च लावून, भिंगातून काच वरून खाली पाहिली.

"शाबूत आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहराच उतरला.

तो का उतरला, हे फ्रेमवाल्याला कळेना.

"मग चांगलंच झालं की, बाई," तो म्हणाला.

"कसलं चांगलं? वर्षभर कार्यालयात भांडतेय मी. एक काच तडकलेली दाखवता आली असती, तर सक्तीची दुरुस्ती लावली असती. छप्पर, पन्हळी, ही भिंत, सगळं. नाक दाबल्याशिवाय कुणाचं तोंड उघडत नाही." त्यांनी मालकांकडे पाहिलंसुद्धा नाही. "आता प्रकरण बंद करा म्हणतात."

"आणि आम्हाला बाहेर काढलं असतं ते?"

"कामापुरतं. काम झालं की परत याच खोलीत, याच दुकानात. कायदाच आहे तसा. तुम्हाला हे सांगा म्हणून मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं यांना."

"राहून गेलं वाटतं," मालक म्हणाले. "वय झालं हो आता."

फ्रेमवाला पलंगाच्या कडेवर टेकला. मालकांच्या नरडीला धरावंसं वाटलं त्याला, पण हात मांडीवरून उचलेना. काच बदलली होती ती त्याने स्वतः. बोलावं, तर बाईंसमोर लबाड ठरणार. गप्प राहावं, तर ही भिंत एक दिवस ताईच्या उशाशी येणार. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि वर तो धोंडा वर्षभर घासूनपुसून ठेवला होता.

बाईंनी टॉर्च बंद केला. जायला वळल्या.

"बाई," ताई म्हणाली, "ती काच आज सकाळची आहे."

बाई परत भिंतीशी गेल्या आणि त्यांनी प्लास्टरला नख लावलं. नख रुतलं.

"किती वेळा बदललीत?"

"मोजलं नाही," फ्रेमवाला म्हणाला.

"तडकली की मला ऐकू यायची," ताई म्हणाली. "ही उशी अन् ती भिंत. मी म्हटलं, बोलले तर याचं दुकान जाईल. म्हणून पडून राहायचे."

"मला कधी बोलली नाहीस?"

"तू तरी कुठे बोललास?"

"तुकडे?" बाईंनी मधेच विचारलं. "जुने तुकडे तरी ठेवलेत?"

"भंगारात गेले. दुकानातल्या काचांबरोबर. आज सकाळचेही."

"अहो, काय करून बसलात हे!" बाई ओरडल्याच. मग आवाज खाली आणला. "भिंत किती सरकलीय, हे आता देवालाही सांगता यायचं नाही. या घरात मी आजपासून कुणाला राहू देणार नाही."

"आणि दुरुस्ती?" फ्रेमवाल्याने विचारलं.

"कशाच्या जोरावर मागू? नवी काच लावायची, आणि पुन्हा पहिल्यापासून वाट बघायची."

"आणि आम्ही परत यायचं ते?"

बाईंनी मान हलवली. दुरुस्तीचा हुकूम नाही, तर परत यायचा हक्कही नाही.

"मी गाडी बोलावतो," मालक म्हणाले. "सामान उतरवायला माणसंही येतील. ताईंना त्रास नको."

गाडी लगेच आली, जशी काही कोपऱ्यावरच उभी होती. ताईला खुर्चीत बसवून फ्रेमवाल्याने आणि एका हमालाने जिन्यावरून उतरवलं. ती म्हणाली, "हळू रे, वरात नाही काढलीस माझी," आणि हमाल हसला. फ्रेमवाल्याला हसता आलं नाही.

वरून तिची औषधं आणायला तो परत गेला, तेव्हा बाई नवी काच लावत होत्या.

"प्लास्टर कालवून देऊ?"

"तुम्ही हात लावू नका," बाई म्हणाल्या.

काच बसली. तिच्या कोपऱ्यावर त्यांनी स्वतःची खूण कोरली, आणि मालकांकडे वळल्या.

"मी तीन महिन्यांनी येईन. मधल्या काळात दर आठवड्याला काच बघून कळवायला हवी. घर रिकामं असलं की ते काम नियमाने मालकाचं."

"कळवेन ना," मालक म्हणाले. "चिंताच सोडा. माझं लक्ष राहील."

हे काही खरं कळवायचे नाहीत, असं सांगायला फ्रेमवाल्याने तोंड उघडलं. बाई त्याच्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत राग नव्हता, नुसता थकवा होता. या काचेबद्दल त्याच्या तोंडून निघालेला एकही शब्द आता कुणी खरा धरणार नव्हतं. त्याने औषधांची पिशवी उचलली आणि तो खाली आला. मागून मालकांनी दाराला कुलूप लावलं, आणि बसलं का म्हणून एकदा ओढून पाहिलं.

"काय म्हणत होते रे वर?" गाडीतून ताईने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "पाय आत घे."