सोलापूरचा शिक्का

भवानीचे पितळी टाक मी दुकानात ठेवतच नव्हतो. तुळजापुरात यात्रेकरूंकडून मागणी घ्यायची, सोलापूरच्या कारागिराला कळवायचं, आणि त्यानं माझ्या नावानं परस्पर गिऱ्हाइकाला व्ही.पी. करायची. पोस्टात पैसे भरून गिऱ्हाइकानं टाक सोडवायचा. "टपालखर्च आमचा" अशी पाटी मीच हौसेनं लावली होती.

पार्सलं परत येऊ लागली. जाण्यायेण्याचं टपाल माझ्याच बोकांडी बसलं. पार्सल परतवणाऱ्या लोहाऱ्याच्या लिंबाजीला गाठून विचारलं, तर म्हणाला, "पार्सलावर पोस्टाचा शिक्का सोलापूरचा हाय, मालक. आईच्या पायाला न लागलेला टाक देव्हाऱ्यात कसा बसवू?"

घ्या! म्हणजे माल आधी इथं आणा, पायाला लावा, मग पुन्हा पाठवा. दोनदा भाडं! मग मी खाऊ काय, शिक्के?

परत आलेले टाक दुसऱ्याला विकायला काढले, तर बायको आडवी आली. "दारातनं परतवलेली देवी विकता? आपल्याच घरात बसवा."

बसवली. एकेक करून सगळ्या बसवल्या. दुकान मोडलं. आता देव्हाऱ्यात भवान्यांची दाटी झालीय, आणि दिव्यात घालायला तेल नाही.