किशोरीचं गाऱ्हाणं

पहिली सुरुवात: "समुपदेशनाने एका मुलीचं आयुष्य बदललं." खोडली. समुपदेशक मीच आहे.

दुसरी सुरुवात. मालवणातल्या आमच्या केंद्रात निराधार मुली बोटीची इंजिनं दुरुस्त करायला शिकतात. मी त्यांना बोलायला शिकवते. अठरा वर्षांच्या किशोरीला तिचा मामा शिक्षण सोडवून लग्नासाठी न्यायला येणार होता. तिला 'नाही' म्हणायचा सराव व्हावा म्हणून मी मामा झाले. इंजिनाच्या वंगणाने मिशीसुद्धा रंगवली. बाकीच्या मुली हसून लोळल्या, किशोरी पाना उचलून इंजिनाकडे वळली.

वंगण निघेना. मामा आला त्याच दिवशी केंद्रात नव्या इंजिनाचं उद्घाटन होतं; तशीच मी भाषणाला उभी राहिले.

"बाई, आधी देवाक गाऱ्हाणा घालूक व्हया," म्हणत किशोरीने हात जोडले. मामाने चपला काढल्या.

"बा देवा म्हाराजा, ह्या इंजिन बरा चलांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. कोकणात देवापुढे घातलेल्या गाऱ्हाण्याला होकार द्यायचाच असतो.

"किशोरीचा शिक्षाण पुरा होयसर तिच्या लग्नाचो इषय कोणी काढूचो नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सर्वांत मोठा आवाज मामाचा. सवयीने.

मग त्याने जीभ चावली. "गो, ह्या काय वदवून घेतलंस?"

"आता देवान ऐकला, मामा."

मामा प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा घेऊन एकटाच एसटीकडे निघाला. जाताना माझ्या मिशीकडे बघत म्हणाला, "बाई, तुमी हंय नेमक्या काय शिकयतास?"

सुदैवाने तेवढ्यात किशोरीने इंजिन सुरू केलं.