बिनरंगाचं पाणी

येळवस, वेळ अमावास्येचा शेतातल्या जेवणाचा सण! तेरकडचं अख्खं गाव आज घराला कुलूप घालून शेतात. बांधावर आलेल्याला उपाशी-तहानलेलं परत पाठवायचं नाही, शत्रू असला तरी.

प्रीतीला नेमकं हेच हवं होतं.

दादाची, राजपालची, तान्ही लेक संध्याकाळच्या एसटीनं धाराशिवच्या दवाखान्यातून घरी येणार. ओठ निळे पडले होते तिचे. डॉक्टर म्हणाले, पाण्यात खत उतरलंय, उकळूनही जात नाही. आणि बाळ तर वरच्या दुधावर, तेही पाणी घालूनच! गावविहिरीचं पाणी दवाखान्यानं दिलेल्या तपासणीच्या नळीत, पूड टाकताच, गुलाबी झालेलं. म्हणजे एक विहीर हवी. एकच. रंग न येणारी. आजच!

एरवी कोण आपल्या विहिरीचं पाणी तपासू देतं? विहिरीचं नाव खराब होईल ना!

शिवशरणचा मळा. आधी मिसळभाज्यांची भज्जी, मग ताकातली आंबील, मग पाणी. नळीत पाणी, पाण्यात पूड. हलवली.

गुलाबी.

श्रीमंतचा ऊस. पुन्हा भज्जी. गुलाबी.

कोंडीरामचं बोअर. पुन्हा आंबील! लई गुलाबी.

"बास कर गं, फुटशील," टोपली धरून मागं येणारी आई, बनाबाई, म्हणाली.

"आई, एक राहिलंय."

"बब्रुवान? आगं, मागच्या बारीला कुत्रं सोडलं त्यानं!"

"आज सोडून दाखवू दे की!"

वर बब्रुवानचा माळ. नुसते दगडगोटे. ऊस नाही, खताची गोणी नाही, खाली सगळं गाव या माळाला हसायला.

"या, या! येळवस हाय म्हणून," कुत्र्याला साखळी घालत बब्रुवानतात्या म्हणाले. "न्हायतर..."

"न्हायतरचं ठाव हाय, तात्या. पाणी द्या."

"पाणी काय पितीस? आंबील पी!"

"आंबील नको! पाणी! पाणी!"

कुरकुरत तात्यांनी बादली शेंदली. नळी. पूड. हलवली. थांबली.

अजून थांबली.

काहीच नाही!

तात्यांची नजर टोपलीतल्या गुलाबी नळ्यांवर गेली आणि चेहरा खर्रकन उतरला. "समद्यांच्या पाण्याला रंग, आन माझ्याच विहिरीला न्हाय? पूड कमी पडली आसंल. घाल अजून!"

प्रीतीनं नवी नळी भरली. पूड. हलवली.

नितळ!

बनाबाई टोपली ठेवून मटकन खालीच बसली आणि हसत सुटली.

"हसता काय, बनाबाई? गरिबाच्या विहिरीला?"

"तात्या, रंग म्हणजे खत!" प्रीती म्हणाली. "तुमचं पाणी चांगलं हाय! बाळाला चालंल! आख्ख्या शिवारात तुमचंच!"

तात्या धावत बांधाच्या कडेला गेले, आणि खालच्या श्रीमंतच्या उसाकडं तोंड करून ओरडले, "ए शिरमंता! हसत हुतास न्हवं माझ्या माळाला? आता घागर घिऊन ये लाइनीत!"

परत येऊन त्यांनी स्वतःच आपली कळशी काठोकाठ भरून प्रीतीला दिली. "रोज ये. कुत्रं बांधून ठिवतो."

खाली रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. प्रीती कळशी कमरेवर घेऊन पळतच सुटली.

"आगं, हळू! सांडू नको!" मागून तात्या ओरडत होते. "बाळाचं पाणी हाय ते!"